धोंडोपंतांच्या घरची माणसं

"सातशे वर्षं जगतात?" अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मग लग्नाला उभे राहतात तेव्हा वय काय असतं?"

मुकुलने खेळाच्या पुस्तकात पाहिलं. एल्फ, म्हणजे जंगलात राहणारे टोकदार कानांचे लोक, साधारण शंभराव्या वर्षी वयात येतात, असं तिथं लिहिलं होतं.

"म्हणजे नवरामुलगा शंभरचा आणि अजून शिकतोय. सासूबाई सहाशेच्या आणि ठणठणीत. कुठली मुलगी हो म्हणेल, सांग मला."

पद्मजाला ठसका लागला. ती गेलं वर्षभर एल्फ म्हणूनच खेळत होती आणि आपण सगळ्यांत वरच्या दर्जाचे आहोत, अशी तिची पक्की समजूत होती. मी मान खाली घालून फासे पुसत बसले, कारण वर पाहिलं असतं तर समोर संग्राम दिसला असता आणि मला हसू आवरलं नसतं.

ही सांगलीतली गोष्ट आहे आणि तिला आता बरीच वर्षं झाली. अण्णा म्हणजे माझे वडील. ते आमच्या ज्ञातीच्या वधू-वर सूचक मंडळाचे चिटणीस होते. मंडळाचं कार्यालय आमच्याच घराच्या पुढच्या हॉलमध्ये भरायचं. रविवारी दुपारपर्यंत तिथं मुलामुलींचे आईबाप फोटो उलटेपालटे करत बसायचे, आणि ते गेले की ते लांबलचक टेबल आमच्या खेळाला मिळायचं. खेळ असा की त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकाने आपलं एक पात्र तयार करायचं. कुठल्या वंशात जन्मलं, काय काम करतं, अंगात काय गुण आहेत, हे सगळं आपणच ठरवायचं. एक जण सूत्रधार होतो आणि तुम्ही कुठल्या जंगलात पोचलात, समोर काय उभं आहे, ते सांगतो. तुम्ही काय करणार ते तुम्ही सांगायचं. ते जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. मुकुल आमचा सूत्रधार. तो कॉलेजात फिजिक्स शिकवायचा आणि रविवारी राक्षसांचे आवाज काढायचा.

आमचा चौथा खेळाडू नोकरीसाठी बेंगळुरूला गेला, तेव्हा त्याच्या जागी अण्णांना बसवायची कल्पना माझी होती. त्यामागचं कारण खेळ नव्हतं. मला संग्रामशी लग्न करायचं होतं. संग्राम आमच्या ज्ञातीतला नव्हता, आणि आमच्या मंडळात ज्याची नोंदणीच होऊ शकत नाही असा जावई चिटणिसांनी आपल्या घरात आणायचा, म्हणजे अवघडच होतं. त्यात पुढच्या रविवारी पुण्याचं एक स्थळ मला बघायला यायचं होतं. ते अण्णांनी स्वतः निवडलेलं होतं, मुलगा चांगला होता, आणि नाही म्हणायला माझ्याकडे खरं सोडून दुसरं एकही कारण नव्हतं. अण्णांना एकदा आडनाव कळलं की त्या माणसाच्या पणजोबांपर्यंत पोचायला वेळ लागत नसे. तेव्हा निदान एक दुपार तरी त्यांनी संग्रामच्या समोर बसावं, माणूस आधी बघावा आणि आडनाव मागून कळावं, एवढाच माझा बेत होता. मुकुलला मी बजावून ठेवलं होतं की सगळ्यांची ओळख पहिल्या नावानेच करून द्यायची.

अण्णांनी आडनाव विचारलं नाही. माझा जीव भांड्यात पडला. त्यांना खेळात शिरायची एवढी घाई झाली होती की बाकी काही सुचत नसावं, असं मी धरून चालले.

"पुढे वाच," ते मुकुलला म्हणाले. "आता हे बुटके लोक. यांचं काय आहे?"

मुकुलने वाचलं. डोंगराच्या पोटात राहतात, खाणी खणतात, सोन्याचांदीचं काम करतात. हट्टी असतात, दिलेला शब्द मोडत नाहीत, चारशे वर्षं जगतात. त्यांच्या बायकांनाही दाढ्या असतात, असं काही ठिकाणी म्हणतात.

"स्वतःचा धंदा, स्वतःचं घर, एकत्र कुटुंब." अण्णा बोटांवर मोजत होते. "पिण्याचं काय?"

"पितात, काका. बरंच पितात."

"पुस्तकात छापून सांगितलंय, म्हणजे लपवाछपवी नाही. चांगलं स्थळ आहे. दाढीचं आधी कानावर घालायचं, म्हणजे नंतर कटकट नको."

मग हाफलिंग आले. उंची तीन फूट, दिवसातून सहा वेळा जेवतात, कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. अण्णा म्हणाले की घर खाऊनपिऊन सुखी आहे, उंचीची तेवढी अडचण आहे, पण फोटो खुर्चीवर बसवून काढला की भागतं, असे कितीतरी फोटो आपण काढून घेतलेत. ड्रॅगनच्या कुळातले लोक तोंडातून आग ओकतात हे ऐकून ते क्षणभर विचारात पडले आणि म्हणाले, "मनमोकळ्या स्वभावाचा, असं लिहायचं." मी घेतलेला माणसाचा वंश त्यांनी चटकन निकालात काढला. पुस्तकात लिहिलं होतं की माणसांना खास देणगी अशी नसते, सगळ्यातलं थोडं थोडं येतं. मंडळात अशांच्या नावापुढे 'सुस्वभावी' लिहितात, असं त्यांनी मला ऐकवलं आणि बशीतला चिवडा पुढे ओढला.

राहता राहिला अर्ध-ऑर्क. तो संग्रामने घेतला होता.

मुकुल जरा अडखळत वाचू लागला. ऑर्क म्हणजे रानटी, हिरव्या कातडीचे, सुळेवाले लढवय्ये. अर्ध-ऑर्कचा बाप ऑर्क असतो आणि आई माणूस, किंवा उलट. ताकद प्रचंड. माणसं त्याला गावात घेत नाहीत आणि ऑर्कही त्याला आपला मानत नाहीत.

अण्णांनी चिवड्यातले शेंगदाणे वेगळे काढायला सुरुवात केली. ते विचार करत असले की असं करायचे. "मग यांची नोंदणी कुठं होते?" त्यांनी विचारलं.

"कुठंच नाही, काका," मुकुल म्हणाला.

"हं. आणि एवढे सगळे वंश असताना हाच का घेतलास रे तू?"

हे संग्रामला होतं. संग्राम धरणाच्या कालव्यांवर इंजिनियर होता, चार माणसांत फार बोलायचा नाही.

"ताकद असते, काका," तो म्हणाला. "शिवाय याच्याकडून कुणाची काही अपेक्षा नसते. साधं नीट वागलं तरी लोकांना नवल वाटतं. ते बघायला मजा येते."

"मजा येते होय," अण्णा म्हणाले आणि त्यांनी वेगळे काढलेले शेंगदाणे त्याच्यापुढे सरकवले. एवढ्यावरून काही समजायचं का, ते मला कळेना. अण्णा शेंगदाणे सहसा कुणाला देत नाहीत.

शेवटी त्यांनी बुटक्याचा वंश घेतला आणि नाव ठेवलं धोंडोपंत. पद्मजा म्हणाली की बुटक्यांची नावं जरा भारदस्त, परकी वाटणारी असतात. अण्णा म्हणाले, दगडात राहणाऱ्या माणसाला याहून भारदस्त नाव तू मला सुचव.

मग ओळखींचा कार्यक्रम झाला. खेळ सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या पात्राची हकीकत सांगायची असते. आमच्या तिघांच्या हकीकती जुन्याच होत्या, पण अण्णांसाठी पुन्हा सांगायच्या ठरल्या. पद्मजाने सुरुवात केली. तिच्या एल्फचं जंगल शत्रूने जाळलं होतं आणि त्यात तिचं अख्खं कूळ गेलं होतं. अण्णांनी च्‌ च्‌ केलं. संग्रामच्या अर्ध-ऑर्कची आई बाळंतपणात गेली होती आणि बापाचा पत्ता नव्हता. अण्णांनी पुन्हा च्‌ च्‌ केलं, पण या खेपेला जरा सावकाश. मग माझी पाळी आली.

"मी देवळात वाढले," मी म्हणाले. "मी पाच वर्षांची असताना गावात साथ आली, त्यात आईवडील गेले."

"दोघंही?"

"हो."

अण्णा माझ्याकडे पाहत राहिले. माझी आई मी आठवीत असताना गेली. तेव्हापासून माझ्या वेण्या अण्णांनी घातल्या होत्या, आणि बऱ्याच वाकड्या घातल्या होत्या. ही हकीकत मी वर्षापूर्वी रचली होती आणि रचताना मला यातलं काहीही आठवलं नव्हतं. ते समोर बसून ऐकणार आहेत, हे तर स्वप्नातही नव्हतं.

"एक तरी ठेवायचास," अण्णा म्हणाले.

ते हसतच म्हणाले, पण मला ते लागलं. मुकुलने घाईघाईने मध्ये पडून समजावलं की यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. या खेळात सगळेच अनाथ असतात. घरी माणसं असली की पात्राला बाहेर पडता येत नाही, मोहिमेवर जायचं म्हटलं की परवानगी काढा, काळजी करा, शिवाय सूत्रधार दुष्ट असला तर तो नेमकं आईबापांनाच पळवून नेतो. त्यापेक्षा सुरुवातीलाच नसलेले बरे.

"म्हणजे लचांड नको म्हणून मारलेत," अण्णा म्हणाले. "आमच्याकडं हल्ली मुलींच्या अपेक्षा अशाच येतात. घरात फार माणसं नकोत." आणि ते स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसले. मग त्यांनी धोंडोपंतांची हकीकत सांगितली. तिच्यात पराक्रम शून्य होता. बायको होती, तिची दाढी डोंगरात नावाजलेली होती. म्हातारी आई होती, तिला गुडघ्यांचा त्रास होता. दोन भाऊ, भावजया, त्यांची पोरं, एक विधवा आत्या आणि या सगळ्यांच्या आपापसातल्या रुसव्याफुगव्यांसकट त्यांनी अख्खं घर टेबलावर आणून मांडलं. मुकुल म्हणाला, एवढं लागत नाही. अण्णा म्हणाले, लागतं.

खेळ सुरू झाल्यावर तर त्यांनी आम्हाला पुरतं जेरीस आणलं. मोहीम साधी होती. डोंगराखालच्या बुटक्यांच्या नगरावर शत्रूची फौज चालून येत होती आणि राजाला आधी जाऊन सावध करायचं होतं. आम्ही धावत सुटायचो, आणि धोंडोपंत दर मुक्कामाला घरी निरोप पाठवण्यासाठी थांबायचे. वाटेत लांडग्यांनी घेरलं तेव्हा संग्रामच्या अर्ध-ऑर्कने धोंडोपंतांना खांद्यावर घेऊन नदी ओलांडली. फासा चांगला पडला म्हणून दोघंही वाचले. पलीकडच्या काठावर पोचल्यावर अण्णांनी विचारलं की हा मुलगा जेवला का. मुकुल म्हणाला, खेळात जेवणाला महत्त्व नाही. तरी धोंडोपंतांनी शिदोरी सोडली आणि अर्धी भाकरी त्याला दिली, आणि मुकुलला ती भाकरी नाइलाजाने गोष्टीत घ्यावी लागली. संग्राम "घेतो, काका," असं म्हणाला तेव्हा तो अर्ध-ऑर्क बोलतोय की स्वतः, ते मला सांगता आलं नसतं.

मी मात्र मनातून खचत चालले होते. दुपार सरत आली होती, चहा एकदा होऊन गेला होता आणि अण्णा मजेत होते. पण खेळात मजेत असणं निराळं आणि मुलगी देणं निराळं. खेळ संपला की सगळे उठतील, अण्णा टेबल पुसतील आणि मला विचारतील की पुण्याच्या मंडळींसाठी शिरा करायचा की पोहे. मला तेव्हा तोंड उघडावंच लागेल. काय बोलायचं ते मी आठवडाभर घोकत होते आणि त्यातला एकही शब्द आता आठवत नव्हता.

तेवढ्यात आम्ही नगराच्या दारापाशी पोचलो.

मुकुलने आवाज जाड केला. प्रचंड दगडी दार, बाहेर एक पहारेकरी, हातात कुऱ्हाड. आत फक्त बुटक्यांना आणि त्यांच्या घरच्या माणसांना प्रवेश. बाकीच्यांनी आल्या पावली परत जावं. मुकुलचा बेत असा होता की आम्ही गटारातून शिरू किंवा पहारेकऱ्याशी लढू. त्याने गटाराचा नकाशा तयारच ठेवला होता. पद्मजा जादूचं बघू लागली. संग्राम म्हणाला, मी दार फोडून बघतो.

"थांबा जरा," अण्णा म्हणाले. "दारातल्या माणसाशी मी बोलतो. माझं सगळं आयुष्य यात गेलंय."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि मुकुलकडे असं पाहिलं की तो खरोखरच पहारेकऱ्यासारखा ताठ बसला.

"राम राम. मी धोंडोपंत, इथलाच. ही माझ्या घरची माणसं."

"ही एल्फ तुमच्या घरची?" पहारेकऱ्याने विचारलं.

"भाडेकरू आहे. वरच्या खोलीत असते. गाणी फार म्हणते, पण मनाने चांगली आहे."

पद्मजाने मान डोलावली.

"आणि ही? ही तर माणूस आहे."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "ही माझी मुलगी."

"बुटक्याची मुलगी माणूस कशी?"

"साथीत हिचे आईबाप गेले. दोघंही. ही पाच वर्षांची होती. मी उचलून आणली आणि वाढवली. वेण्या घालता येत नव्हत्या, त्याही शिकलो. आणखी काही विचारायचंय?"

पहारेकऱ्याला आणखी काही विचारायचं नव्हतं. मुकुलचा जाड आवाज जरा पातळ झाला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला मी काहीही केलं नाही.

"आणि हा?" मुकुलने संग्रामकडे बोट केलं. "हा अर्ध-ऑर्क कोण तुमचा?"

अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. संग्रामने हातातला शेंगदाणा तसाच धरून ठेवला होता.

"हा जावई," अण्णा म्हणाले.

मुकुलने माझ्याकडे पाहिलं, मग संग्रामकडे, मग पुस्तकाकडे. पुस्तकात यावर काही नसणार. पण तो पट्टीचा सूत्रधार होता, त्याने पहारेकऱ्याला मध्येच सोडलं नाही.

"बुटक्यांच्या घरात ऑर्क जावई कधी झालेला नाही," तो हळूच म्हणाला. "लोक काय म्हणतील, धोंडोपंत? तुमच्यावर तर नगरातल्या लोकांची सोयरीक जुळवायचं काम आहे."

"तुम्ही पहारेकरी ना? मग तुम्ही दार बघा. घर मी बघतो." अण्णांचा आवाज शांत होता. "हा काही तुम्ही ऐकलंत तसल्या ऑर्कांतला नाही. मला खांद्यावर घेऊन याने नदी ओलांडलीय. माझ्या मुलीकडे हा मघापासून बघत नाहीये, आणि किती कष्टाने बघत नाहीये तेही मी पाहतोय. एवढ्या वर्षांत मी हजार मुलं बघितली असतील. हे मला कुणी सांगावं लागत नाही."

संग्राम कानापर्यंत लाल झाला. माझं काय झालं असेल ते मला माहीत नाही, पण पद्मजाने टेबलाखाली माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखायला लागली.

आता नियमाप्रमाणे फासा टाकायला हवा होता. पहारेकऱ्याला हे पटण्यासाठी बारा किंवा त्याच्या वर पडायला हवे होते. अण्णांनी फासा मुठीत घेऊन खळखळवला आणि टेबलावर सोडला. तो घरंगळत चिवड्याच्या बशीला अडला. तीन पडले.

मुकुलचं तोंड उतरलं. "काका, चुकून बशीला लागला. परत टाका."

"परत कशाला?"

"तीन म्हणजे पहारेकऱ्याला पटलं नाही. तो तुम्हा सगळ्यांना कोठडीत टाकणार."

"टाकू दे," अण्णा म्हणाले. "त्याला पटावं म्हणून सांगितलं नव्हतं. त्याने विचारलं, मी सांगितलं. उद्या दुसऱ्या दारात कुणी विचारलं तरी हेच सांगणार."

तर आम्ही चौघंही कोठडीत गेलो आणि त्या दिवशीचा खेळ तिथंच थांबला. मुकुल उगीचच पुस्तकाची पानं उलटत बसला. मी घोकलेलं सगळं आता मला आठवलं होतं, पण त्याची गरज उरली नव्हती. मी नुसतंच "अण्णा" म्हणाले. त्यांनी हातानेच मला राहू दे अशी खूण केली. पुण्याच्या मंडळींना आज संध्याकाळीच फोन करतो, असं म्हणून ते संग्रामकडे वळले. दुपारभर त्याला अरेतुरे करत होते ते आता एकदम सरसावून बसले आणि त्यांनी मंडळातला त्यांचा नेहमीचा प्रश्न अहोजाहो करून विचारला.

"तुमचे आईवडील कुठं असतात?"

"वारले," संग्राम म्हणाला.

पद्मजाने कपाळाला हात लावला. मी टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ मारली.

"नाही, म्हणजे तासगावला असतात," तो घाईघाईने म्हणाला. "दोघंही. चांगले आहेत."

अण्णांच्या मिशीत हसू दाबलेलं मला स्पष्ट दिसत होतं, आणि डोळे मात्र भरून आले होते.

"मग त्यांना तसेच ठेवा," ते म्हणाले, "आणि पुढच्या रविवारी घेऊन या."